ओरडणारा बेल्ट, धुरकटलेलं बॉनेट: जुन्या गाडीच्या एका तक्रारीचा आढावा

मीरा रोड पूर्वेच्या पूनम सागरमध्ये पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी ही किंकाळी ऐकू येते. सहा दिवस उभी असलेली जुनी गाडी चालू होते आणि बॉनेटखालून फॅन बेल्ट ओरडायला लागतो. बहुतेकदा मिनिटभरात आवाज थांबतो आणि मालक निघून जातो. कधी तो थांबत नाही. जळक्या रबराचा वास येतो, बॉनेटच्या फटीतून धूर दिसतो आणि गाडी गॅरेजात जाते. तिथे बेल्ट बदलला जातो. काही आठवड्यांनी आवाज परत येतो, कारण बिघडलेली वस्तू बेल्ट नव्हतीच.

या विषयावर मालक, मिस्त्री आणि सुट्या भागांचे दुकानदार जे काही सांगतात ते एकत्र मांडून तपासलं, तर एक गोष्ट पक्की होते. ओरडणारा बेल्ट बहुधा दुसऱ्या कुणाची तरी तक्रार सांगत असतो. ती कुणाची, हे शोधायला बहुतेक गाड्यांत साधी हत्यारं आणि थोडा वेळ पुरतो. आपल्याकडे तो वेळ दिला जात नाही आणि त्याचे पैसेही दिले जात नाहीत. खरी अडचण तिथे आहे.

बेल्टच्या गळ्यात काय काय

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेल्या पद्मिनीत मांडणी सोपी होती. इंजिनच्या खालच्या पुलीवरून निघालेला एक व्ही-बेल्ट पंखा, पाण्याचा पंप आणि डायनेमो फिरवायचा. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० मध्ये पंखा विजेवर गेला, पण पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर एकाच व्ही-बेल्टवर राहिले. एसी असेल तर त्याला वेगळा बेल्ट. क्वालिस, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत हायड्रॉलिक स्टेअरिंगचा पंपही बेल्टवर आला. पुढच्या गाड्यांत ही सगळी कामं एकाच चपट्या, लांबीच्या दिशेने खाचा असलेल्या बेल्टकडे गेली. जगात हा एकच बेल्ट १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून रूढ होत गेला. तो ताणून धरायला आपोआप काम करणारा टेन्शनर असतो आणि वाट वळवायला आयडलर पुली.

आपल्या गाडीत यातली कुठली मांडणी आहे, हे मालकाला माहीत असलंच पाहिजे. एसीचा बेल्ट वेगळा असेल आणि कॉम्प्रेसर जॅम झाला, तर तो बेल्ट काढून गाडी घरापर्यंत येते. एकच बेल्ट असेल तर त्याच कॉम्प्रेसरपायी पाण्याचा पंपही बंद पडतो. इंडिका, सुमो यांसारख्या जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीलाच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. तिथे बेल्ट तुटला तर दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. अशा गाडीत ओरडणारा बेल्ट हा थेट ब्रेकचा प्रश्न आहे.

बेल्टवर पडणारं ओझंही लहान नसतं. अल्टरनेटर १४ व्होल्टला ५० अँपिअर देत असेल, तर ती ७०० वॅट वीज झाली. अल्टरनेटरमध्ये बरीच शक्ती वाया जाते, म्हणून तेवढ्या विजेसाठी बेल्टला हजार वॅटच्या वर ओढावं लागतं, म्हणजे साधारण दीड अश्वशक्ती. ३७ अश्वशक्तीच्या मारुती ८०० ला ही मागणी जाणवते. शिवाय अल्टरनेटरची पुली सगळ्यांत लहान आणि बेल्टचा तिच्याभोवतीचा विळखाही थोडा. विळखा कमी झाला की पकड झपाट्याने घटते. त्यामुळे ताण जरा सैल झाला की घसरण बहुधा अल्टरनेटरवर सुरू होते.

आवाज ऐकायचा कसा

गॅरेजात सगळ्यालाच ‘बेल्टचा आवाज’ म्हणतात, पण त्यात निदान तीन आवाज आहेत. लांबलचक किंकाळी म्हणजे घसरण. पुली थांबते आहे किंवा मागे पडते आहे आणि बेल्ट तिच्यावरून सरकतो आहे. भार वाढला की ती वाढते. ठरावीक तालातली तुटक चिवचिव म्हणजे बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत आणि बेल्ट प्रत्येक फेरीत खाचेत तिरका शिरतो आहे. घरघर किंवा खरखर म्हणजे बेअरिंग.

आवाज कधी येतो, हे तर त्याहून मोलाचं. एसी लावल्याबरोबर आला तर कॉम्प्रेसर किंवा त्याचा बेल्ट. हायड्रॉलिक स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आला तर त्याचा पंप. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावल्यावर आला तर अल्टरनेटर. फक्त सकाळी, चालू केल्यावर मिनिटभर आला तर सैल बेल्ट किंवा अर्धी उतरलेली बॅटरी. पाण्याच्या डबक्यातून गेल्यावर क्षणभर आला आणि बेल्ट कोरडा होताच गेला, तर घाबरायचं कारण नाही. रोजच येत असेल तर ताण तपासायला हवा.

एसीची एक खूण मिस्त्री नेमकी वापरतात. एसी बंद असताना कॉम्प्रेसर थांबलेला असतो, पण त्याची पुली स्वतःच्या बेअरिंगवर फिरतच राहते. म्हणून एसी बंद असतानाही आवाज येत असेल तर संशय पुलीच्या बेअरिंगवर. एसी लावल्यावरच येत असेल तर कॉम्प्रेसरवर. नवा कॉम्प्रेसर आणि साधं बेअरिंग यांच्या किमतीतला फरक इतका मोठा आहे, की ही एक चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

धूर कशाचा

धूर दिसला की पहिली गोष्ट इंजिन बंद करणं. त्यानंतर वास. करपलेल्या रबराचा वास आणि आजूबाजूला काळी भुकटी असेल, तर बेल्ट कुठल्यातरी अडकलेल्या पुलीवर घासला गेला आहे. गोडसर वास आणि पांढरी वाफ असेल तर कूलंट गळतो आहे. तेलाचा वास आणि निळसर धूर असेल तर गळणारं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं आहे. प्लास्टिक जळाल्याचा वास असेल तर वायरिंग, आणि बॅटरीपर्यंत सुरक्षितपणे हात पोचत असेल तर तिचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवायचं.

रबराचा धूर इतक्या लवकर का येतो, हे हिशेबाने कळतं. रिकाम्या फिरणाऱ्या इंजिनवरही बेल्ट सेकंदाला सुमारे पाच मीटर धावतो. पुली जॅम असेल आणि घर्षणाचं बळ तीसेक किलोच्या वजनाइतकं असेल, तर त्या बोटभर जागेत दीड हजार वॅट उष्णता तयार होते, म्हणजे घरातल्या पाणी तापवायच्या रॉडइतकी. अ‍ॅक्सिलरेटर दिला की ती दुपटी-तिपटीने वाढते. म्हणून ‘रेस देऊन बघू, सुटतं का’ हा सल्ला अतिशय धोक्याचा आहे.

पावसाळ्यात आणखी एक कारण निघतं. उभ्या गाडीत उंदीर घरटं करतात. कागद, कापूस, चिंध्या इंजिनाच्या कोपऱ्यात भरतात. तापलेल्या पुलीजवळ हे सामान असेल तर बेल्टचा साधा धूर आगीत बदलू शकतो. बरेच दिवस उभी असलेली गाडी चालू करण्याआधी बॉनेट उघडून नजर टाकायलाच हवी.

इथली हवा आणि इथला वापर

बेल्टचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजायची सवय आहे. मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणी ती फसवी ठरते. इथले असंख्य नोकरदार विरार-चर्चगेट लोकलने कामावर जातात. गाडी सोसायटीच्या आवारात, बहुतेकदा उघड्यावर उभी असते. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचा मालक म्हणतो, बेल्ट तर नवाच आहे. रबर मात्र वर्षं मोजतं. उष्णतेने ते कडक होतं, बाजू चकचकीत होतात आणि पकड जाते.

त्यात भोवती खाडी आणि मिठागरं. दमट, खारट हवेत उभ्या गाडीच्या पुल्यांच्या खाचांवर गंजाचा थर चढतो. आठवड्याने गाडी चालू झाली की तो थर बेल्टला खरवडतो. बेअरिंगच्या सिलमधून ओल शिरते आणि ग्रीस खराब होतं. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर हे आणखी लवकर घडतं.

उभ्या गाडीची बॅटरीही हळूहळू उतरते. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास म्हणजे ती निम्मी उतरली. अशा बॅटरीवर गाडी चालू केली की अल्टरनेटर एकदम मोठा प्रवाह देऊ लागतो आणि सगळं ओझं थंड, कडक बेल्टवर येतं. रविवारच्या किंकाळीचं हे सगळ्यांत साधं कारण. इथे बेल्ट बदलून थोडे दिवस बरं वाटतं, पण दोष बॅटरीत किंवा वापरात असतो. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवणं किंवा चार्जरने बॅटरी भरणं हा तिचा इलाज आहे. वरसावे पुलापर्यंत वाहतुकीच्या कोंडीत एसी लावून थांबत-थांबत जाणं, याला बॅटरी भरणं म्हणता येत नाही.

तपासणीचा क्रम

इंजिन बंद, किल्ली खिशात. विजेवरचा पंखा किल्ली काढल्यावरही फिरू शकतो, म्हणून त्यापासून हात लांब. ओढणी, बांगड्या, सैल बाह्या बॉनेटपासून दूर.

पहिलं पाहणं बेल्टचंच. व्ही-बेल्ट खाचेच्या दोन उतरत्या बाजूंवर बसतो. तो झिजून खाचेच्या तळाला टेकला आणि तळ चकचकीत दिसला, तर कितीही ताणला तरी तो पकडणार नाही. खाचांच्या बेल्टची परीक्षा वेगळी. जुन्या निओप्रीनच्या बेल्टला आडव्या भेगा पडायच्या. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट भेगा न पडताच झिजतात, म्हणून वरून नवे दिसतात. त्यांच्या खाचा किती खोल गेल्या ते मापक घालून बघावं लागतं. बेल्टवर तेल किंवा कूलंट असेल तर गळती आधी बंद करायची. नाहीतर नवा बेल्टही काही आठवड्यांत घसरायला लागेल.

मग ताण. हाताने ताणायच्या बेल्टवर दोन पुल्यांमधल्या सगळ्यांत लांब भागात अंगठ्याने जोरात दाबलं तर तो साधारण एक सेंटिमीटर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आपोआप ताणणाऱ्या टेन्शनरला ही परीक्षा लागू नाही. तिथे इंजिन चालू असताना त्याचा हात थरथरतो का आणि अंगावरच्या खुणेच्या बाहेर गेला आहे का, हे बघायचं.

तिसरी पाण्याची चाचणी. इंजिन संथ चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर लांबून थोडं पाणी फवारायचं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर बेल्ट घसरतो आहे, ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे वळायचं. पुल्यांची रेषा स्टीलच्या सरळ पट्टीने तपासता येते. शंभर मिलिमीटरला एक मिलिमीटर एवढा तिरकेपणाही खाचांच्या बेल्टला ओरडायला पुरतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेला अल्टरनेटर बसवताना एखादा वॉशर राहिला, तर नेमकं हेच होतं.

चौथी चाचणी निर्णायक, आणि तीच बहुतेकदा टाळली जाते. बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवायची आणि हलवून पाहायची. अल्टरनेटर गुळगुळीत फिरावा. पाण्याच्या पंपाला, मिस्त्रींच्या भाषेत वॉटर बॉडीला, किंचितही खेळ नसावा आणि खालच्या भोकाजवळ वाळलेल्या कूलंटचा थर नसावा. आयडलर ढकलल्यावर थोडा फिरून थांबावा. तो खडखडत बराच वेळ फिरत राहिला तर ग्रीस संपलेलं आहे. इंजिनच्या खालच्या पुलीकडेही बघायचं. अनेक गाड्यांत तिच्या दोन लोखंडी कड्यांमध्ये रबर असतं. ते सुटलं की बाहेरचं कडं डगमगतं आणि बेल्टला तिरकं ओढतं. कितीतरी बेल्ट या एका पुलीपायी वाया जातात.

शेवटी बेल्टशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवायचं, त्याहून जास्त नाही, कारण पाणी फिरत नसतं. आवाज गेला तर दोष बेल्टमध्ये किंवा बेल्टवरच्या यंत्रांत. राहिला तर तो दुसरीकडे आहे, कदाचित टायमिंग बेल्टच्या बेअरिंगमध्ये. टायमिंग बेल्ट झाकणाआड असतो आणि तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. तिथून आवाज येत असेल तर गाडी हलवायचीच नाही.

चालू असलेले उपाय

पहिला उपाय साबण, पावडर किंवा बेल्टवर मारायचा स्प्रे. आवाज थांबतो, पण खूणही बुजते. स्प्रेच्या चिकट थरावर धूळ बसते आणि बेल्ट लवकर जातो.

दुसरा उपाय बेल्ट करकचून ताणणं. यात नुकसान सगळ्यांत जास्त. बॉल बेअरिंगचा नियम असा की भार दुप्पट केला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. जास्त ताणलेल्या बेल्टने आज आवाज थांबतो आणि थोड्याच काळात अल्टरनेटरचं किंवा वॉटर बॉडीचं बेअरिंग बसतं.

तिसरा उपाय बेल्ट बदलणं. तो जुना, चकचकीत, झिजलेला असेल तर हे योग्यच आहे. बेल्टवरचा आकडा मात्र बघून घ्यायचा. ‘४पीके ८१५’ म्हणजे चार रिब, म्हणजे खाचांमधल्या पट्ट्या, आणि ८१५ मिलिमीटर लांबी. थोडा लांब बेल्ट बसवला तर टेन्शनर सुरुवातीपासूनच टोकाला असतो. हाताने ताणलेला नवा व्ही-बेल्ट काहीशे किलोमीटरमध्ये सैलावतो, तेव्हा तो पुन्हा तपासायला गाडी न्यावीच लागते.

चौथा उपाय बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर एकत्र बदलणं. जास्त धावलेल्या गाडीत हे समंजस आहे, कारण तिघं एकाच वयाचे असतात. पण अल्टरनेटर जॅम असताना हा सगळा संच बदलला तरी नवा बेल्टही जळणारच.

रस्त्यात झालं तर

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला किंवा घसरला असं समजून लगेच बाजूला थांबायचं. बोरघाटात ‘अजून थोडं वर जाऊ’ म्हणून चालवलेल्या गाडीचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि काहीशे रुपयांच्या बेल्टपायी इंजिन खोलावं लागतं. फक्त आवाज येत असेल तर आधी एसी बंद करून बघायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. बॉनेटखाली ज्वाळा दिसत असतील तर ते धाडकन उघडायचंही नाही, कारण आत हवा गेली की आग भडकते. माणसं लांब करायची आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा.

निदानाची मजुरी

हे सगळं चांगल्या मिस्त्रीला माहीत असतं. तरी घडतं उलटं, आणि त्याला आपण ग्राहक बरेच जबाबदार आहोत. बिलात बेल्टची किंमत दिसते, बसवायची मजुरी दिसते. पाऊण तास गाडीशी बसून दोष शोधला, याची ओळ कुठेच नसते. ‘नुसतं बघायचे पैसे कसले’ असं आपणच म्हणतो. मग मिस्त्रीने पाऊण तास तपासून फक्त एक बोल्ट नीट केला तर त्याला काही मिळत नाही, आणि न तपासता बेल्ट बदलला तर मिळतं. अशा व्यवहारात बेल्टच बदलले जाणार.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुनर्नोंदणीचं चारचाकीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. तेवढे पैसे भरून आणखी पाच वर्षं गाडी ठेवणारा माणूस ती मनापासून जपतो आहे. त्या जपण्यात निदानाची मजुरीही धरायला हवी. गाडी नेताना मिस्त्रीला आवाज कधी येतो, कशाने वाढतो, किती वेळ टिकतो हे सांगायचं. बेल्ट काढल्यावर पुल्या समोर फिरवून दाखवायला सांगायचं आणि जुना भाग परत मागायचा. तपासून त्याने ‘बेल्ट ठीक आहे, बॅटरी भरा’ एवढंच सांगितलं, तरी त्याच्या वेळेचे पैसे न कुरकुरता द्यायचे. जो गॅरेजवाला न बदललेल्या भागाचेही प्रामाणिक पैसे मिळवू शकतो, तोच पुढच्या वेळी आपल्या गाडीचा खरा दोष शोधेल.